विमलने काय सोडावे

विमल हेडाऊबद्दल लिहायचे तर एक गोष्ट आधी नोंदवली पाहिजे. ती कुठेही वेळेवर आली नाही आणि कुठेही यायची राहिली नाही. तिच्या ओळखीच्या माणसांना या दोन्ही गोष्टींचा सारखाच त्रास झाला.

आणीबाणीच्या आगेमागे मी भंडाऱ्यात एका साप्ताहिकाचे काम पाहत होते. छापखान्याच्या मागच्या गल्लीत कोष्ट्यांची घरे होती. त्यातले एक हेडाऊंचे. घरात दोन माग. एकावर सासू बसे. दुसरा बहुतेक वेळ रिकामा असे, कारण मुलगा मनोहर वरठीच्या स्टेशनात मालधक्क्यावर कारकून झाला होता आणि रोज सायकलने जाऊन येऊन करी. विमल ही त्याची बायको. लग्नाआधी बी.ए. झालेली. थोरली शोभा चालायला लागल्यावर तिने बाहेरून एम.ए.ला बसायचे ठरवले. विषय अर्थशास्त्र. पहिला भाग तिने एका दमात ओलांडला. गाडी अडली ती दुसऱ्यावर. नियम असा होता की दुसऱ्या भागासाठी तीन खेपा मिळत. तिसऱ्या खेपेलाही जमले नाही तर पहिला भागही गेला.

जिल्ह्यात तेव्हा एक नवे महाविद्यालय निघायचे घाटत होते. तिथे अर्थशास्त्र शिकवायला दुसऱ्या वर्गातली एम.ए. लागणार होती आणि विमलला ती नोकरी हवी होती. हे तिने कधी लपवले नाही. "मले शिकवाचं आहे," ती म्हणे. "मागावर बसून पाठ मोडून नाही घ्याची." नोकरी हवी होती, पण त्यासाठी ती घाई करील तर शपथ.

तिचा दिवस कुणालाही समजावून सांगणे कठीण होते. पहाटेपासून दुपारपर्यंत ती घरातल्या सगळ्या माणसांची असे. जेवणे झाली, भांडी झाली की ती मधल्या खोलीत जाई, आतून कडी लावी, केसांना तेल चोळी आणि तासभर झोपे. या तासात कडी कुणासाठीही निघत नसे. लुगडे घ्यायला आलेला व्यापारी असो की मोहाडीहून आलेला सख्खा भाऊ, सासू सगळ्यांना ओसरीवर बसवून एकच उत्तर देई.

"सूनबाई घरी आहे का?"

"आहे न घरी. पन नाही आहे."

गल्लीतल्या बायका म्हणत, "माज आला हिले." अशा तासासाठी आता वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत बरेच चांगले शब्द आहेत. तेव्हा एवढा एकच होता.

सासूचा राग झोपेवर नव्हता. तिचे म्हणणे होते की सूनबाईने एक काय ते ठरवावे. शिकायचे तर शिकावे, पोरे सांभाळायची तर सांभाळावी, झोपायचे तर झोपावे. "एका मागावर चार लुगडे लावले हिनं," ती मला म्हणाली. "एकबी उतरत नाही." मनोहरला विचारले तर तो हात वर करी. "मले नका विचारू ताई. मी धक्क्यावरचा मानूस. मालगाडीचा डबा आला का खाली करतो. डबा कायले आला, हे नाही पुसत."

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघी खांब तलावाच्या पायऱ्यांवर बसत असू. विमल, मी आणि सिंधू. सिंधू सरकारी दवाखान्यात नर्स होती. मूळची नागपूरची, चालणे जलद, बोलणे त्याहून जलद. थंडीत शिंगाडे, इतर दिवसांत फुटाणे. विमल दोन्ही पोरांना घेऊन येई, सर्वांत शेवटी येई आणि सर्वांत शेवटी उठे. परीक्षा जवळ आली की सिंधूचा तोल जाई.

"अव, परीक्षा तोंडावर आली अन् तू इथं फुटाणे फोडून राहिली?"

"गुरुवार आहे न."

"गुरुवार काय, दर हप्त्यात येते!"

"म्हून तं मीबी दर हप्त्यात येतो."

"तुले सुट्टी दिली आम्ही. जाय घरी. अभ्यास कर."

"तुम्ही कोन सुट्टी देनाऱ्या?" विमल म्हणे आणि फुटाण्यांचा पुडा आपल्याकडे ओढून घेई. "सारं होते न बाई. घाई कायले करून राहिली?"

'सारं होते' हे तिचे पालुपद. त्यामागे कसलाही हिशेब नव्हता. मी एकदा तिला आठवड्याचे तास मांडून दाखवले. बातमीचे रकाने मोजायची सवय होती, त्यामुळे हे काम मी नीट केले होते. तिने ते लक्षपूर्वक पाहिले आणि म्हणाली, "बरोबर आहे. याच्यात नाही बसत." आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मुलीला गणित शिकवायचे कबूल करून बसली.

तिच्या अभ्यासाची पद्धत मात्र लक्षात राहण्यासारखी होती. विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावावी लागते. सकाळी, ऊन चढण्याआधी, अख्खा ताणा गल्लीच्या लांबीत ताणून धरतात. त्याला तांदळाच्या पेजेची खळ देतात आणि दोन्ही अंगांनी दोन माणसे लांब कुंच्याने सूत विंचरत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतात. खळ वाळेपर्यंत थांबायचे नाही. थांबले की दोरे एकमेकांना चिकटतात आणि ताणा वाया जातो. गल्लीत कुणाचाही ताणा असो, विमल त्याच्या एका अंगाला असे. तिचे आणि तिच्या पुस्तकाचे नाते इथे जुळले होते. शोभा पुस्तक उघडे धरून तिच्या पुढे उलटी चालत असे. विमल चालता चालता एक परिच्छेद वाची, दुसऱ्या फेरीत तो मोठ्याने म्हणे, तिसऱ्या फेरीत स्वतःशी वाद घाली.

"आई, थांब न, पान उलटू दे."

"उलट, पन चालत उलट."

समोरच्या अंगाला बहुधा झिबलजी असत. म्हातारे, चिडके, कुंच्याला पक्के. "मागणीची रेषा खाली चालली म्हन्ते न बाई?" ते ओरडत. "रेषा जाऊ दे खाली, कुंचा वर घे! दोरा तुटून राहिला माया!"

शोभाला शाळेत गुरुजींनी विचारले, "तुझी आई काय करते?" ती म्हणाली, "आई चालते." ही गोष्ट गल्लीत बरेच दिवस पुरली.

पहिल्या खेपेला विमलला दिवस गेले होते. तशीच ती वरठीहून पॅसेंजरने नागपूरला गेली, पहिला पेपर लिहून आली आणि दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी बंडू जन्मला. त्या घरात वेळेआधी आलेला तो एकटाच. खेप फुकट गेली. विमल बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, "दोन आहेत अजून."

दुसरी खेप सिंधूच्या नावावर जमा आहे आणि सिंधूने ती विमलला कधी माफ केली नाही.

सिंधूने जातीबाहेर लग्न ठरवले. वडिलांनी दार बंद केले. लग्न नोंदणीचे होते, तारीख कचेरीतून मिळाली. सिंधूने पहिली गोष्ट केली ती ही की विमलला विचारले, "त्या दिवशी पेपर तं नाही न तुया?" विमल म्हणाली, "दुसऱ्या दिवशी आहे." सिंधूचा विश्वास बसला. मी वेळापत्रक पाहायला हवे होते, पण तिने ते मागच्याच आठवड्यात बंडूला होडी करून दिले होते.

त्या दिवशी कचेरीत सिंधू, नवरामुलगा, त्याचे दोन मित्र आणि मी असे बसलो होतो. सह्या व्हायची वेळ झाली. सिंधूच्या बाजूने कुणीच नव्हते, कारकुनाने "मुलीकडचे कोण?" असे दोनदा विचारले. तेवढ्यात विमल आली. घामाघूम, कडेवर बंडू, मागे शोभा, हातात हळदीकुंकवाचे ताट आणि पिशवीत सिंधूसाठी नवे लुगडे, सासूने विणलेले. "मुलीकडची मी," ती कारकुनाला म्हणाली. तिने सिंधूची ओटी भरली, नवऱ्यामुलाला दटावले, सगळ्यांना रव्याचा लाडू दिला. सिंधू त्या दिवशी पहिल्यांदा रडली ती विमल आल्यावर.

संध्याकाळी मनोहर स्टेशनवरून परतला आणि सायकल टेकवता टेकवता म्हणाला, "पेपर कसा गेला?"

सिंधू तिथेच होती. नव्या लुगड्यात. तिने विमलकडे पाहिले. "आज होता?"

"होता."

"तू खोटं सांगतलं मले."

"खरं सांगतलं असतं तं तू येऊ देल्लं असतं काय?"

नवी नवरी त्या ओसरीवर विमलला इतके अद्वातद्वा बोलली की गल्लीतले माग थांबले. विमल ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "एक आहे अजून. अन् तू लगनाच्या दिवशी अशी कल्ला करशील तं बाप म्हनन, बरं झालं गेली."

तिसऱ्या खेपेच्या वेळी सिंधूने सूत्रे हाती घेतली. यात मीही होते. परीक्षेआधीचा महिना विमलने सिंधूच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत काढायचा, असे आम्ही ठरवले. सिंधूचा नवरा तेव्हा बदलीवर बाहेरगावी होता. शोभा आणि बंडू सासूकडे. ताण्यावर तिच्या जागी मनोहरची चुलतबहीण. गुरुवार बंद. डबा मी पोचवायचा. सासू लगेच तयार झाली. तिला वाटले, निदान एक लुगडे तरी मागावरून उतरेल. मनोहरने पेटी नेऊन ठेवली. विमल काही बोलली नाही. आम्ही तिचा होकार धरला.

खोली चांगली होती. खिडकीबाहेर कडुनिंब, टेबल, खुर्ची, माठ. पहिल्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा विमल टेबलाशी बसली होती. दुसऱ्या दिवशीही. पान तेच होते. तिसऱ्या दिवशी तिने टेबल पुसून चकचकीत केले होते, सिंधूच्या साऱ्या साड्यांना फॉल लावले होते आणि पान तेच होते. त्यानंतरच्या सकाळी सिंधू रात्रपाळीहून आली तर खोली रिकामी. ती धावत माझ्याकडे आली. आम्ही दोघी गल्लीत गेलो. ताणा लागलेला होता. विमल एका अंगाला चालत होती, शोभा उलटी चालत होती, बंडू ताण्याखालून ये-जा करत होता आणि झिबलजी सगळ्यांवर ओरडत होते.

"काहून आली?" सिंधू गल्लीच्या तोंडाशीच ओरडली.

विमल थांबली नाही. आम्हालाच तिच्याबरोबर चालावे लागले. "तिथं काहीच नाही न बाई. वाचलं तं कोनाले सांगाचं? पोट्टे काय करून राहिले असन, हेच वाचून राहिलो मी चार दिस."

"आम्ही एवढं केलं तुयासाठी!"

"केलं न. मी कुठं नाही म्हन्तो? पन मले पुसलं काय?"

झिबलजी म्हणाले, "भांडा, पन त्या बाजूनं भांडा. खळ वाळून राहिली."

हे खरे होते की आम्ही तिला विचारले नव्हते. हेही खरे होते की विचारले असते तरी आमचे उत्तर आधीच तयार होते. सिंधू आठवडाभर बोलली नाही. गुरुवारी मात्र आली.

पेपर सुरू झाले. नागपूरला जायला ती रोज मनोहरबरोबर सायकलच्या दांडीवर बसून वरठीला येई आणि तिथून गाडी पकडे. शेवटच्या पेपरला मीही त्याच गाडीने गेले, छापखान्यासाठी टाइप आणायचा होता. पेपर दुपारचा होता. तिला केंद्राच्या फाटकाशी सोडले आणि संध्याकाळी परतीच्या फलाटावर भेटलो. ती बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती.

"कसा गेला?"

"चांगला. पाचवा प्रश्न राहिला."

"का राहिला? येत नव्हता?"

"येत होता. झोप लागली."

मला वाटले, ती गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. केंद्रावर लवकर पोचली होती. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. तिच्या रोजच्या तासाची वेळ झाली होती. आवारात झाडाखाली पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. घंटा तिला ऐकू आली नाही. शिपायाने उठवले तोवर वर्गात लोक दुसऱ्या प्रश्नावर होते.

"विमल, तुझी शेवटची खेप होती."

"मले माहीत नाही काय?" तिने एक शेंग फोडून माझ्या हातावर दाणे ठेवले. "चार प्रश्न मस्त लिवले पन. डोकं असं साफ होतं का पुसू नको."

वरठीपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. ती शेजारच्या बाईच्या मुलाला उवांवरचे औषध सांगत होती.

निकाल लागला. विमल पास झाली. तिसरा वर्ग. दुसऱ्याला थोडेच गुण कमी पडले होते. एक प्रश्न अर्धामुर्धा लिहिला असता तरी भरून निघाले असते, हे कुणालाही दिसत होते आणि विमल सोडून प्रत्येकाने ते बोलून दाखवले. सासूने पेढे वाटले आणि वाटता वाटता शिव्या दिल्या. महाविद्यालयाची जागा गेली.

त्या गुरुवारी तलावावर सिंधू आधीच येऊन बसली होती. विमल आली, पायरीवर टेकली. बंडू सिंधूच्या मांडीवर जाऊन आडवा झाला. शोभा पाण्यात खडे टाकत होती. सिंधूने सुरुवात केली आणि मग ती थांबेना. हे सोडायला हवे होते, ते सोडायला हवे होते. लोकांचे ताणे, लोकांच्या पोरींची गणिते. "सारं होते म्हन्ते! काय झालं? सांग न, काय झालं? एकदा, फक्त एकदा, काही सोडलं असतं तं आज तू मास्तरीण असती!"

"काय सोडाचं होतं?" विमल म्हणाली.

"ते झोपनं! भर परीक्षेत कोनी झोपते काय?"

"तो एक घंटा माया आहे. साऱ्या दिसात तेवढाच. तो सोडला असता तं पास होनारी कोन होती? आनखीन सांग."

"आनखीन..."

"सांग न. पोट्टे सोडाचे होते? याले सोडाचं होतं, जो तुया मांडीवर झोपला आहे? गुरुवार सोडाचा होता? मंग तू कोनाजवळ येऊन रडली असती, बाप मेला तेव्हा? तुया लगनात येवाचं नव्हतं मी?" तिचा आवाज चढला होता. तसा तो मी तेवढा एकदाच ऐकला. "मलेबी पाहिजे होता दुसरा वर्ग. तुम्हाले वाटते, मले नाही पाहिजे होता. मी काय म्हनून राहिलो, एकाचं नाव घे. घे एकाचं नाव, मी आत्ता सोडतो."

सिंधूने तोंड उघडले. बंडूच्या अंगावरचा हात तिने काढला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडेही नाव नव्हते. विमलने पदराने तोंड पुसले आणि शोभाला काठापासून मागे ओढले. आम्ही त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा उठलो.

पुढे मी नागपूरला एका दैनिकात गेले. सिंधूची बदली झाली. अकरावी-बारावीचे वर्ग शाळांना जोडले गेले तेव्हा साकोलीकडच्या एका शाळेला अर्थशास्त्राला माणूस मिळेना. तिथे तिसऱ्या वर्गातली एम.ए. चालली. विमल भंडाऱ्याहून रोज एस.टी.ने जाऊ लागली, हे मला मनोहरच्या एका ओळीच्या पत्रातून कळले.

मी तिला शेवटचे पाहिले ते साकोलीच्याच बसस्टँडवर. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षे उलटली होती. नवेगावच्या बाजूने एक बातमी करून आम्ही जीपने परतत होतो आणि ती संध्याकाळच्या आत नागपुरात द्यायची होती. हमरस्त्यावर गर्दी होती म्हणून गाडी हळू झाली. विमल स्टँडच्या शेडखाली उभी होती. अंगाने भरलेली, डोळ्यांना चष्मा, खांद्याला पिशवी. तिच्यासमोर एक तरुण मुलगी उभी होती, गळ्यात काळी पोत, हातात वह्यापुस्तके, कडेवर तान्हे मूल. मुलगी रडत बोलत होती. मी जीपमधून हाक मारली. विमलने मान वळवली. तिचा चेहरा उजळला, हे मला रस्त्याच्या या बाजूनेही स्पष्ट दिसले. तिने तळहात माझ्याकडे उभा धरला. थांब. आणि पुन्हा त्या मुलीकडे वळली.

मी उतरले. पानटपरीशी उभी राहिले. मुलीने मूल तिच्याकडे दिले, डोळे पुसले, पुन्हा बोलायला लागली. विमलने मूल एका हाताने कडेवर घेतले. मूल तिचा चष्मा ओढत होते. मध्ये ट्रक गेले. भंडाऱ्याची एस.टी. लागली, कंडक्टरने "मॅडम!" म्हणून हाक दिली, विमलने मान हलवली आणि एस.टी. तिला न घेता निघून गेली. ती त्या मुलीला काही समजावत होती आणि तिला घाई नव्हती.

"ताई, चला ना," ड्रायव्हर म्हणाला. "पेज छापायला जाईल."

"पाच मिनिटं."

पाच मिनिटे झाली. आणखी पाच झाली. मी रस्ता ओलांडून जाऊ शकले असते. पण त्या मुलीचे बोलणे माझ्यामुळे तुटले असते आणि तिला काय विचारायचे होते ते मला दुरूनही कळत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी जीपमध्ये बसले. चिडले होते, हे नोंदवून ठेवते.

गाडी वळताना मी मागे पाहिले. विमलचे तोंड मुलीकडे होते, मूल कडेवर होते आणि मोकळा हात माझ्या दिशेने तसाच उभा धरलेला होता.